डाव्या दाराखालची शिवण

मी, हे मृत्युपत्र लिहून ठेवणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या मोटारींचं गंजलेलं पत्राकाम, राहणार आमच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत, आज स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला रंगाचा फुगा आलाय, तेही सांगितलं. कोणी मला भरीला घातलेलं नाही, उलट घरातल्या सगळ्यांनी "आत्ताच कशाला?" म्हणून मोडताच घातला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

माझ्यामागे माझे पती, एक मुलगा, एक सून आणि एक नात एवढे आहेत. एक नणंदही आहे, पण तिला काही ठेवलेलं नाही. का नाही, ते तिला माहीत आहे.

कलम १. गॅरेज आणि वरच्या खोल्या माझ्या व आमच्या ह्यांच्या संयुक्त नावावर आहेत. माझा अर्धा हिस्सा ह्यांच्या हयातीत ह्यांच्याकडे राहावा आणि ह्यांच्यानंतर मुलगा व सून यांना सारखा जावा. मागची शेड मात्र पत्राकामालाच ठेवावी. मुलगा जमिनीचे नकाशे काढतो, त्याला मोकळी जागा दिसली की कागद रचावेसे वाटतात. त्याने ते वर रचावेत.

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. तिला काय शिकायचंय ते तिनेच ठरवावं. ती सध्या म्हणते की तिला मुंग्यांचा अभ्यास करायचाय. कोणी हसू नये.

कलम ३. आमच्या ह्यांच्याविषयी.

लग्नाआधी मी कपडे शिवत असे आणि लग्नानंतरही चार वर्षं शिवत होते. हे इंजिनाचे कारागीर. ह्यांच्या मते गाडी म्हणजे इंजिन, बाकी सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण. गंजलेला पत्रा जोडायला बाहेरून एक वेल्डर यायचा. एकदा मी ह्यांचा डबा घेऊन खाली आले, तर तो गाडीच्या तळाच्या भोकावर नवा पत्रा ठेवून कडेने जोडत होता. खालचा पत्रा हाताने चुरडत होता, तरी त्याच्यावरच. मी विचारलं, "कुजक्या कापडाला ठिगळ धरतं का हो?" तो म्हणाला, "बाई, हे पत्र्याचं काम आहे." आठ महिन्यांनी तीच गाडी परत आली. ठिगळ जसंच्या तसं होतं, त्याच्या भोवतीची गाडी गेली होती.

मला राहवेना. गंज बाहेर नखाएवढा दिसतो आणि आत तळहाताएवढा असतो, हे कसं काय? मी स्क्रू ड्रायव्हरने टोचत बसायची. जिथे टोक आत जात नाही तिथे चांगला पत्रा सुरू होतो, तिथपर्यंत कापायचं. मग पुठ्ठ्याचा नमुना करायचा, कडेला दुमड ठेवायची, आधी लांब लांब कच्चे टाके आणि मग पक्की शिवण. एका जागी सलग शिवत गेलं तर उष्णतेने पत्रा ओढला जातो, चुण्या पडतात. इकडे एक टाका, तिकडे एक टाका. हे सगळं मला आधीपासून येत होतं, फक्त सुईच्या जागी ठिणगी आली. वर्षभरात तो वेल्डर यायचा बंद झाला.

आता जुना हिशेब. पुढची अकरा वर्षं हे गिऱ्हाइकांना सांगत होते की पत्राकाम "आमचा मागचा माणूस" करतो. हे स्वभावाने वाईट नाहीत, भित्रे आहेत. बाईचा हात लागला म्हटलं तर गाडी दुसरीकडे जाईल, अशी ह्यांची समजूत. एका गिऱ्हाइकाने खूश होऊन मागच्या माणसाला भेट म्हणून दाढीचं सामान आणून दिलं. ते मी जपून ठेवलंय. ते सगळं सामान मी ह्यांना देते. त्यातला ब्रश मी ग्राइंडरची धूळ झाडायला वापरला, तेवढा मिळणार नाही. ह्यांच्यावर माझा राग राहिलेला नाही. बारा वर्षांनी ह्यांनी स्वतःच पाटी रंगवून आणली आणि तिच्यावर माझं नाव वर होतं. त्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन रडले, ते ह्यांना अजून माहीत नाही. आता कळेल.

कलम ४. कोपऱ्यावरच्या रंगवाल्यास.

ह्या गृहस्थाने आयुष्यभर गंजाच्या भोकात वर्तमानपत्र कोंबून, वरून पुट्टी थापून, चकचकीत रंग मारून गाड्या परत दिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं की म्हणायचा, "मी? छे! आधीच्याने केलं असेल." पडलो तरी नाक वर. एका हिरव्या गाडीच्या दोन दारांमधल्या पोकळ खांबातून मी असंच वर्तमानपत्र काढलं. त्याच्यावर तारीख होती आणि कोपऱ्यात पेपरवाल्या पोऱ्याने पेन्सिलीने लिहिलेला घराचा क्रमांकही होता. क्रमांक ह्याच्याच घराचा. तो कागद बरणीत घालून ठेवला आहे. बरणी त्याला पोचती करावी. तोंडाने काही बोलू नये.

कलम ५. शेडमधल्या फळीवरच्या बाकी सगळ्या बरण्या नातीस.

गाडीच्या दारांखालून, चाकापासून चाकापर्यंत, पत्र्याची एक बंद पोकळ पेटी जाते. गाडीचा सगळा भार तीच तोलते. ती कापली की आत काय सापडेल ते सांगता येत नाही. उंदराचं घरटं सापडलं, त्यात कोणाच्या तरी परीक्षेच्या निकालाचे कपटे होते. चौदा काचेच्या गोट्या सापडल्या. कारखान्यातल्या कोणा कामगाराची शिट्टी सापडली, गाडी बनतानाच आत पडलेली. शिट्टी अजून वाजते. एकदा नुसती बारीक पांढरी वाळू निघाली. मालक म्हणाला, आम्ही समुद्राकडे कधी गेलोच नाही. त्याची बायको काही बोलली नाही. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आहे. कुठे "हे काय असावं?" एवढंच लिहिलंय. ती उत्तरं नातीने शोधावीत, मला जमली नाहीत.

कलम ६. सगळी हत्यारं सुनेस: वेल्डिंगचं मशीन, दोन्ही ग्राइंडर, शिकंजे, छिन्न्या आणि माझी शिवणकामाची मोठी कात्री. कात्री पुठ्ठ्यालाच वापरावी, पत्र्याला लावू नये. ह्यांनी एकदा लावली होती.

सुनेला सगळं येतं, तरी लिहून ठेवते, कारण सवयीने माणूस सैल होतो. पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप जोडून घ्यावा, नाहीतर गाडी मधूनच खचते आणि मग दार ह्या जन्मात लागत नाही. बॅटरी सोडावी. आतली सतरंजी काढावी, पाण्याची बादली हाताशी ठेवावी. बंद पेटीला आतून मेण फवारल्याशिवाय गाडी देऊ नये. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्याला चहा द्यावा.

कलम ७. (ह्या कलमावर रेघ मारलेली आहे. रेघ मीच मारली, वाचता येईल अशी मारली, आणि शेजारी सही केली आहे.)

फिकट पिवळी गाडी, जी सध्या सून चालवते, ती कागदोपत्री माझ्या नावावर आहे. ती सुनेस द्यावी, पण एका अटीवर. माझे दिवस झाल्यावर तिने डाव्या दाराखालची पेटी खालच्या शिवणीवर उघडून बघावी. कारण खालीलप्रमाणे.

नऊ वर्षांपूर्वी सून एका कचेरीत टंकलेखन करत होती आणि रविवारी हौसेने माझ्याकडे पत्राकाम शिकायची. पहिलं भार तोलणारं काम मी तिला ह्याच गाडीवर दिलं. वरची शिवण माझी, खालची तिची. खालच्या शिवणीला बावीस बटणं. आम्ही बटणं म्हणतो ती अशी: वरच्या पत्र्याला भोक पाडायचं आणि त्या भोकातून खालचा पत्रा वितळवून दोन्ही एक करायचे. बाहेरून गोल टिकली दिसते. करंट पुरेसा असेल तर ती मरेपर्यंत सोडत नाही. कमी असेल तर टिकली नुसती वर बसते, खाली धरतच नाही, आणि गंमत म्हणजे तीच जास्त सुबक दिसते.

तिची बटणं फार सुबक आली. पहिली सात-आठ तर ब्लाउजला लावावीत अशी. मी ह्यांना बोलावलं, मुलाला बोलावलं, समोरच्या टायरवाल्याला हाक मारली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्यापेक्षा सरस आहे हिचा हात." गंज धरू नये म्हणून वरून काळा लेप मारला. तिने पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली.

लेप मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन पुसताना बघते, तर करंटचा काटा दोनवर. तिच्या कामाला पाच हवा. आदल्या दिवशी सकाळी मडगार्डच्या पातळ पत्र्यासाठी मीच तो दोनवर ठेवला होता. तिला सांगायचं मी विसरले. तिने आपण होऊन वाढवला होता की नाही? सांगता येत नाही, कारण आमचे हे वीज वाचते म्हणून संध्याकाळी दिसेल तो काटा खाली करतात, आणि ह्या मशीनवर दोनच्या खाली आकडाच नाही. म्हणजे बटणं पाचवर झाली असतील, नाहीतर दोनवर. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मी लोकांना सांगत आले आणि माझ्या घरची गाडी मी तशीच सोडली.

विचारलं असतं तर कौतुक परत घ्यावं लागलं असतं. मी नाही विचारलं. पण चैनही पडलं नाही. दर सहा महिन्यांनी दार आणि चौकट यांच्यामधली फट मोजून भिंतीवर लिहीत आले. अठरा वेळा साडेचार मिलिमीटरच भरली. वाकून हातोडीने वाजवून बघितलं. लेपातून आवाज कळत नाही. गाडी उभी असली किंवा सरळ चालली तर माझी वरची शिवण पुरेल, पण बाजूने कोणी धडकलं तर काय होईल ते मला ठाऊक नाही. म्हणून सुनेने ती उघडावी आणि मला माफ करावं.

कलम ७ ऐवजी, अकरा दिवसांनी लिहिलेलं.

वरचा मसुदा मी वकीलबाईंना नेऊन दाखवला. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचतात आणि अडलं की खाली घेतात. सातव्या कलमाला चष्मा खाली आला.

"आजी, ही गाडी आत्ता कुठे आहे?"

"गॅरेजात."

"आणि सूनबाई?"

"तीही गॅरेजातच."

"आणि तुम्ही तर ह्या माझ्यासमोर. मग ह्यात मरणाचा संबंध कुठे येतो?"

मी म्हटलं, येतो. जिवंतपणी तोंड दाखवायचं असतं.

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, "बरं. पण आत काय निघालं, ते तुम्हाला कळवायचं कोणी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं मी लोकांच्या पेट्या उघडून बघितल्या, आणि जी एक उघडायला नऊ वर्षं जीव तुटत होता ती मी स्वतःच्या माघारी उघडायला सांगून बसले होते. मला लाजही वाटली आणि, खरं लिहायचं तर, घाईही झाली. मी तशीच रिक्षाने घरी आले.

सून हातमोजे काढत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचा एक मोजा निघाला, दुसरा तसाच राहिला.

"नऊ वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"मी ह्यातून पोरीला शाळेत सोडते, आई. येत्या सुट्टीत घाट ओलांडून जाणार होतो आम्ही."

"म्हणूनच सांगते."

"म्हणूनच नाही. वकीलबाई बोलल्या म्हणून." हे खरं होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही सरस म्हणालात त्यावर मी नोकरी सोडली. त्यानंतर शंभरदा तरी छान म्हणाला असाल. त्यातलं खरं किती, हे आता मला कोण सांगणार?"

सगळं खरं होतं, पण मी सांगून तिने ते का मानावं? मी एवढंच म्हटलं, "मी नको. पेटी सांगेल."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा नातीच्या हाती यायचा. नातीने विचारलं, "आजी, तू काय मोडलंस?" मी म्हटलं, "अजून कळलेलं नाही." गाडी शेडबाहेर गेली नाही, मुलगा पोरीला सायकलवरून सोडायला लागला. पाचव्या दिवशी सकाळी सुनेने चौकटीत आडवा पाइप जोडला, बॅटरी सोडली आणि काळा लेप खरवडायला घेतला. मी स्टूल घेऊन बसले. हे, मुलगा, टायरवाला, ज्यांच्यासमोर मी बोलले होते ते सगळे मीच बोलावले. तिने माझ्याकडे पाहिलं, पण कोणाला जा म्हणाली नाही.

दोन पत्र्यांच्या मध्ये छिन्नी घालून ठोकायचं. बटण धरलेलं असेल तर पत्रा फाटतो, बटण सुटत नाही. धरलेलं नसेल तर टिकली टण्‌कन उडते. पहिलं उडालं. दुसरं उडालं. तिसरं, चौथं, पाचवं. आठवंही उडालं. सून खाली पडलेल्या टिकल्या बघत होती, तिचा चेहरा मला बघवेना.

नवव्याला पत्रा फाटला.

तिने पुन्हा ठोकलं, आणखी जोरात. पत्रा फाटत गेला, बटण जागचं हललं नाही. दहावंही तसंच, आणि पुढची सगळीच. बावीसपर्यंत ती थांबली नाही. मग छिन्नी खाली ठेवून टाचांवर बसली. "मला आवाज आवडला नव्हता," ती हळू म्हणाली. "तुमच्या हातून तळल्यासारखा कडकडीत आवाज यायचा. माझा थुंकल्यासारखा येत होता. मी काटा वाढवला. मग बटणं ओबडधोबड यायला लागली, मला वाटलं बिघडलं. मी सांगणारच होते, पण तुम्ही सगळ्यांना बोलावलंत आणि त्या पहिल्या आठांवरच बोट ठेवून कौतुक केलंत. मग कुठल्या तोंडाने सांगू? वर घरात जाईपर्यंत मीच स्वतःला पटवलं की तुमचं बरोबर असणार."

म्हणजे तिच्या कानाला ते पहिल्याच मोठ्या कामात, कोणी न शिकवता कळलं होतं. मला कान तयार करायला सहा वर्षं लागली. जे खरं काम होतं त्याच्यावरून माझी नजर घसरली आणि जे फसवं होतं त्याची मी दवंडी पिटली. मी तिला हे असंच, सगळ्यांसमोर सांगितलं. आमचे हे मध्येच म्हणाले, "काटा मी खाली केला असेन." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, आज तुमची पाळी नाही."

मग ती म्हणाली, "वरची शिवण पण बघू." ती माझी. अठरा बटणांतलं एक उडालं. चौदावं. पाचवर मारलेलं, माझ्या हातचं, आणि उडालं. का, ते मी अजून बघते आहे. बहुतेक मध्ये रंगाचा कण राहिला असावा. तिला पहिल्यांदा हसू आलं ते तेव्हा, आणि मलाही.

पेटी नव्याने केली, तिला पाच दिवस लागले. नमुना तिचा, पत्रा तिचा, दोन्ही शिवणी तिच्या. मी हात लावला नाही. लेप मारायच्या आधी तिने मला बोलावलं, दिवा धरला आणि म्हणाली, "बघा." ह्या खेपेस कोणाला हाक मारलेली नव्हती. मी गुडघे टेकून चाळीसच्या चाळीस बटणं एकेक करून बघितली, बोटाने चाचपली, आणि म्हणाले, "सतरावं कच्चं आहे. पुन्हा कर."

तिने वाद घातला नाही. म्हणाली, "मलाही तसंच वाटत होतं." आणि डोळ्यांवर काळी काच ओढून पुन्हा केलं.

सबब कलम ७ खालीलप्रमाणे वाचावं: फिकट पिवळी गाडी सुनेस, विनाअट. त्या गाडीविषयी तिला सांगायचं माझ्याकडे काही शिल्लक नाही.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकीलबाईंनी करावं. सून साक्षीदार होऊ शकत नाही, कारण तिला मिळतंय, असं त्यांनी समजावलं. म्हणून बाहेरचे दोघे घेतले.

ठिकाण: मागची शेड. वेळ: दुपारी, जेवणानंतर. तारीख वरच्या कोपऱ्यात घातली आहे.

लिहून ठेवणारीची सही: (सही) पत्राकामवाली

साक्षीदार पहिला: (सही) समोरचा टायरवाला. मजकूर वाचलेला नाही. सही माझ्यादेखत झाली. त्या दिवशी छिन्नी मारताना मी हजर होतो, त्याला मात्र साक्ष आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) शिवणवर्गातली जुनी मैत्रीण. बाई शुद्धीवर आहेत. सही करताना गाडीखाली वाकून काहीतरी बघत होत्या, म्हणून सही थोडी तिरकी आली आहे.